दवंड्याच्या टेकडीवरील विमान-अपघात : उपकरणांच्या आधारे उतरण्याची मीमांसा

कुरुंदवाड येथे कृष्णेच्या घाटावर उभ्या राहणाऱ्या माणसास आपण एका सखल मैदानात आहोत असे वाटते. पलीकडे नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते, पात्र रुंदावते, गाळाची काळी जमीन व उसाचे मळे दृष्टी पोहोचेल तेथवर पसरलेले दिसतात, आणि चढउतार म्हणावा असा कोठेच आढळत नाही. तथापि हा सखलपणा सापेक्ष आहे. समुद्रसपाटीपासून कुरुंदवाडची उंची सुमारे ५४० मीटर आहे. विमानातील उंचीमापक या घाटावर आणून ठेवला तर त्याचा काटा १७७० फुटांच्या आसपास स्थिरावेल. येथून पश्चिमेस सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरांवर गगनबावड्याचा घाटमाथा येतो. त्या माथ्यावर वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर शिरोळ तालुक्याच्या वाट्यास त्याचा दहावा हिस्सा कसाबसा येतो. दोहोंच्या दरम्यान, वाटेच्या किंचित उत्तरेस, पन्हाळगड उभा आहे. त्याची उंची सुमारे ९७५ मीटर, म्हणजे ३२०० फूट होय. घाटमाथ्यापलीकडे जमीन एकदम तुटते आणि कोकण लागते.

भूगोलाच्या विद्यार्थ्यास यात नवीन काही नाही. परंतु समजा, एखादे विमान पूर्वेकडून कोकणाच्या दिशेने चालले आहे, खाली ढगांचा अखंड थर आहे, आणि वैमानिकाची अशी समजूत झाली आहे की आपण घाटमाथा ओलांडला. उंचीमापक ३००० फूट दाखवीत आहे. समजूत खरी असेल तर खाली कोकणची भूमी आहे आणि ही उंची पुरेशी आहे. समजूत खोटी असेल, आणि विमान अद्याप देशावरच असेल, तर कुरुंदवाडवर त्याच्या व जमिनीच्या दरम्यान १२०० फुटांचे अंतर राहील आणि पन्हाळ्यापाशी काहीच राहणार नाही. दोन्ही प्रसंगी उंचीमापकाने दाखविलेला आकडा एकच, आणि तो अचूकही. चूक उंचीत नसून स्थानात आहे. पण तिचे फळ उंचीत भोगावे लागते.

हे उदाहरण कल्पित असले तरी त्याचा सांगाडा खऱ्या घटनेचा आहे. ती घटना कुरुंदवाडच्या बरीच उत्तरेस, पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात, १९६२ साली घडली. ७ जुलै रोजी मध्यरात्र उलटून सुमारे दहा मिनिटे झाली असता अलितालिया या इटालियन कंपनीचे डीसी-८ जातीचे जेट विमान निमगिरीच्या परिसरातील दवंड्याच्या टेकडीवर आदळले. सिडनीहून निघून डार्विन, सिंगापूर व बँकॉक येथे थांबे घेत ते मुंबईस येत होते, आणि पुढे कराची व तेहरानमार्गे रोमला जावयाचे होते. विमानात ८५ उतारू व ९ कर्मचारी असे ९४ जण होते. त्यांपैकी एकही वाचला नाही. ज्या ठिकाणी विमान आदळले ते समुद्रसपाटीपासून सुमारे ३६०० फूट उंचीवर आहे, आणि मुंबईपासून त्याचे अंतर ईशान्येस सुमारे ८४ किलोमीटर भरते. कुरुंदवाड ते गगनबावडा हे अंतर जवळजवळ एवढेच आहे, हे लक्षात घेतल्यास चुकीचा आवाका कळतो.

विमानात मोठा बिघाड झाला, इंजिन बंद पडले किंवा आग लागली असे काही घडलेले नव्हते. चालू स्थितीतील विमान, वैमानिकाच्या ताब्यात असताना, त्यास न दिसलेल्या जमिनीवर नेले गेले. या प्रकारच्या अपघातांचा एक स्वतंत्र वर्ग मानला जातो, आणि मालवाहू व प्रवासी अशा दोन्ही प्रकारच्या विमान-वाहतुकीत कित्येक दशके सर्वाधिक बळी घेणाऱ्या वर्गांत त्याची गणना होत आली. म्हणून दवंड्याच्या टेकडीचा प्रसंग थोडा बारकाईने तपासणे उपयुक्त ठरेल. त्यासाठी आधी उपकरणांचे स्वरूप पाहिले पाहिजे.

उंचीमापक हे वस्तुतः वायुभारमापकच होय. त्यात निर्वात केलेल्या धातूच्या डब्या असतात. हवेचा दाब उतरला की त्या फुगतात, चढला की आकसतात, आणि ही हालचाल काट्यापर्यंत पोहोचविली जाते. समुद्रसपाटीनजीक दाबात एक मिलिबाराचा फरक पडला तर उंचीत सुमारे २७ फुटांचा फरक दिसतो. उंच आकाशात सर्व विमाने १०१३.२५ मिलिबार हा एकच प्रमाणभूत दाब धरून चालतात. उतरताना मात्र ज्या विमानतळावर जावयाचे तेथील दाब नियंत्रण कक्षाकडून विचारून घेऊन यंत्रावर लावावा लागतो. जुलै महिन्यात मुंबईस दाब १००४ मिलिबारांच्या आसपास असतो. एखाद्याने प्रमाणभूत दाब बदललाच नाही, तर यंत्र खऱ्या उंचीपेक्षा सुमारे २५० फूट अधिक उंची दाखवील. मोसमी पावसाच्या दिवसांत ही चूक सदैव धोक्याच्याच बाजूची असते. परंतु हा दाब बिनचूक लावला तरी यंत्र काय सांगते? समुद्रसपाटीपासूनची उंची. पायाखाली समुद्र आहे, भाताचे खाचर आहे की डोंगर आहे, याविषयी ते मुके आहे.

म्हणून स्थान निराळ्या मार्गाने ठरवावे लागते. सर्वात जुना मार्ग गणिताचा: ज्ञात ठिकाणापासून अमुक दिशेने, अमुक वेगाने, अमुक वेळ गेल्यावर विमान कोठे असावे याचा हिशेब. त्यास रेडिओ-दीपांचा आधार मिळतो. एनडीबी हा साधा रेडिओ-दीप सर्व दिशांना सारखा संदेश देतो आणि विमानातील सुई त्याच्याकडे वळते. व्हीओआर हे त्याहून प्रगत साधन; ते विमानास आपण केंद्रापासून कोणत्या अंशावरील रेषेवर आहोत हे सांगते. पण दोहोंपैकी कोणतेही एकटे साधन अंतर सांगत नाही. एका रेषेवर विमान आहे एवढेच त्यातून कळते. त्या रेषेवर ते २० किलोमीटरांवर आहे की ८०, हे कळण्यासाठी दुसरी रेषा हवी, किंवा दीपावरून जाताना सुई उलटी फिरण्याचा क्षण हवा, किंवा डीएमई हे अंतर मोजणारे यंत्र हवे. अखेरच्या टप्प्यासाठी आयएलएस असते. तिचे दोन किरण असतात: एक धावपट्टीच्या मध्यरेषेत धरून ठेवणारा, दुसरा सुमारे तीन अंशांच्या उतारावर खाली नेणारा. या दुसऱ्या किरणाचे महत्त्व विशेष आहे, कारण उंची आणि अंतर या दोन राशींची सांगड तो प्रत्येक क्षणी आपोआप घालून देतो.

ही सांगड अंकांत मांडून पाहण्यासारखी आहे. तीन अंशांच्या उतारावर विमान दर किलोमीटरमागे सुमारे ५२ मीटर खाली येते. म्हणजे ३६०० फूट उंचीवर असलेले विमान धावपट्टीपासून सुमारे २१ किलोमीटरांवर असावयास हवे. उलटपक्षी, धावपट्टीपासून ८४ किलोमीटरांवर असलेल्या विमानाची उंची त्याच उतारावर १४००० फुटांच्या वर असावयास हवी. प्रत्यक्षात कोणतेही जेट विमान इतक्या दुरून एकाच उतारावर उतरत नाही, हे खरे. तरीही या ढोबळ हिशेबावरून दवंड्याच्या टेकडीपाशी अंतर व उंची यांची किती फारकत झाली होती हे ध्यानात येते. एक राशी दुसरीशी ताडून पाहिली असती तर विसंगती लपून राहण्यासारखी नव्हती.

ती ताडून का पाहिली गेली नाही? या प्रश्नाचे उत्तर देताना मुंबईच्या विमानतळाची रचना समजून घ्यावी लागते. सांताक्रूझची मुख्य धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे. समुद्राकडून पूर्वेस तोंड करून उतरणाऱ्या विमानासाठी ती ०९ क्रमांकाची, आणि सह्याद्रीकडून पश्चिमेस तोंड करून उतरणाऱ्यासाठी २७ क्रमांकाची. त्या रात्री आयएलएसची सोय ०९ या बाजूस होती. नियंत्रण कक्षाने वैमानिकास विचारले की २७ वर सरळ यावयाचे आहे की ०९ वर आयएलएसच्या साह्याने. वैमानिकाने २७ पत्करली. पूर्वेकडून येणाऱ्यास हा मार्ग जवळचा, वेळ व इंधन वाचविणारा. ०९ वर यावयाचे तर विमानतळ ओलांडून समुद्रावर जावे लागते आणि वळून परतावे लागते. परंतु तो लांबचा मार्ग पत्करणारा वैमानिक विमानतळावरील रेडिओ-दीपावरून जातो, सुई उलटताना पाहतो, आणि आपले स्थान त्यास निःसंशय कळते. मग तो समुद्रावर खाली उतरतो, जेथे आदळण्यासारखे काही नाही. जवळच्या मार्गाने येणाऱ्यास मात्र स्थानाची खात्री होण्याआधीच खाली येण्यास आरंभ करावा लागतो, आणि तोही देशावरील डोंगरांवर.

येथे ऋतूचाही विचार अगत्याचा आहे. मोसमी पावसाच्या काळात दक्षिण भारतावर उंच आकाशात पूर्वेकडून पश्चिमेस वाहणारा जोरदार वायुप्रवाह असतो; पी. कोटेश्वरम् या भारतीय हवामानशास्त्रज्ञाने १९५८ साली त्याचे विवेचन प्रसिद्ध केले. खालच्या थरांत याच्या नेमका उलट, पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा असतो. पश्चिमेस जाणाऱ्या जेट विमानाच्या पाठीशी उंचीवर वारा असतो. ते जसजसे खाली येते तसतसा तो वारा मंदावतो आणि शेवटी तोंडावर येतो. त्यातच खालच्या दाट हवेत विमानाचा स्वतःचा वेगही घटतो. वरच्या प्रवाहातील वेग मनात धरून हिशेब केला तर तो विमानास गंतव्याच्या अधिक जवळ दाखवील. त्या रात्रीच्या चुकीचे कारण हेच होते असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. पूर्वेकडून मुंबईस येणाऱ्या कोणत्याही विमानाचा हिशेब जुलै महिन्यात कोणत्या बाजूस झुकतो एवढेच दाखवावयाचे आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान एका मिनिटात १५ किलोमीटर तोडते. चार मिनिटांची चूक म्हणजे ६० किलोमीटर. डीसी-८ हे विमान १९५९ साली सेवेत आले होते. पंख्याच्या विमानांच्या काळात चार मिनिटांना ही किंमत नव्हती.

चौकशीतून निघालेला निष्कर्ष स्पष्ट आहे. वैमानिकाने मार्गनिर्धारणात चूक केली, तीमुळे आपण आहोत त्यापेक्षा मुंबईच्या अधिक जवळ आहोत असा त्याचा ग्रह झाला, आणि रात्रीच्या वेळी, बाहेरचे काही दिसत नसताना, सरळ उतरण्यासाठी त्याने अकालीच खाली येण्यास आरंभ केला. स्थान निश्चित करण्यासाठी जी साधने उपलब्ध होती त्यांचा उपयोग केला गेला नाही. त्या प्रदेशासाठी ठरवून दिलेल्या किमान सुरक्षित उंचीचे उल्लंघन झाले. आणि मार्गावरील भूप्रदेशाशी वैमानिक परिचित नव्हता, ही साहाय्यक कारणे म्हणून नोंदविली गेली.

या तीन साहाय्यक कारणांचे वजन मात्र सारखे नाही. भूप्रदेशाशी परिचय नसणे हे कारण ऐकण्यास पटते, परंतु काळोखात व ढगात त्याचा परिणाम मर्यादित असतो. माळशेज घाटाची प्रत्येक वळचण पाठ असलेला जुन्नरचा रहिवासीही आपण कल्याणवर आहोत अशा समजुतीत असता तर त्या परिचयाचा त्यास काय उपयोग झाला असता? खरे मर्म दुसऱ्या कारणात आहे. किमान सुरक्षित उंची ही कल्पना स्थानाविषयीच्या अज्ञानासाठीच योजलेली असते. एखाद्या विस्तृत विभागातील सर्वात उंच शिखर घ्यावयाचे, त्यावर ठराविक अंतर मिळवावयाचे, आणि त्या विभागात कोठेही असले तरी त्याखाली यावयाचे नाही असा दंडक घालावयाचा. मग विमान विभागात नेमके कोठे आहे हे न कळले तरी बिघडत नाही. हा दंडक मोडण्याचा अधिकार स्थानाच्या निश्चितीतून मिळतो, अंदाजातून मिळत नाही. दवंड्याच्या टेकडीपाशी अंदाजाने निश्चितीची जागा घेतली. हरिश्चंद्रगड तेथून फार दूर नाही आणि त्याची उंची १४०० मीटरांच्या वर आहे. याच्या आसपास ४००० फुटांखाली येणे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय ठरणारे नव्हते.

मुंबईच्या परिसरात पावसाळ्यात घडलेला हा एकमेव अपघात नव्हे. १२ जुलै १९४९ रोजी केएलएम या डच कंपनीचे कॉन्स्टेलेशन विमान खराब हवेत सांताक्रूझला उतरण्याच्या प्रयत्नात असता घाटकोपरच्या टेकडीवर आदळले. विमानातील सर्व ४५ जण मृत्यू पावले. इंडोनेशियाचा दौरा आटोपून परतणारे अमेरिकन पत्रकार त्यांत होते, आणि पुलित्झर पारितोषिकाचे मानकरी एच. आर. निकरबॉकर हे त्यांपैकी एक होत. घाटकोपरची टेकडी सातशे फुटांच्याही आतली. सह्याद्रीच्या मानाने ती खिजगणतीतही नाही. पण विमानतळाच्या इतक्या जवळ एवढी उंचीही पुरली. दवंड्याच्या प्रसंगास एक वर्ष होऊन गेल्यावर, २८ जुलै १९६३ रोजी, युनायटेड अरब एअरलाइन्सचे कॉमेट विमान मुंबईस उतरत असता मढ बेटानजीक समुद्रात कोसळले. ६३ जण दगावले. ग्रीसमधील जागतिक बालवीर मेळाव्यास निघालेले २४ फिलिपिनो बालवीर व त्यांचे नायक त्यांत होते. येथे डोंगराचा संबंध नव्हता. मुसळधार पावसात व झंझावाती हवेत वळण घेताना विमानावरील ताबा सुटला असे मानले गेले. तेव्हा समुद्राकडील मार्ग निर्धोक असे वर जे सूचित झाले त्यास ही मर्यादा घातली पाहिजे: जमिनीचा धोका तेथे नाही, हवेचा आहेच.

मालवाहू विमानांची कथा वेगळी नाही, मात्र तिच्याकडे लक्ष कमी जाते. मालाची ने-आण बहुधा रात्री व पहाटे होते, विमानात तीन-चार माणसे असतात, आणि अपघात झाल्यास मृतांची यादी आखूड असल्याने वृत्तपत्रांत त्याचा गाजावाजा होत नाही. अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र हे अपघात फार बोलके असतात.

१९ फेब्रुवारी १९८९ रोजी फ्लाइंग टायगर कंपनीचे बोइंग ७४७ जातीचे मालवाहू विमान सिंगापूरहून क्वालालंपूरच्या सुबांग विमानतळाकडे निघाले होते. धावपट्टी ३३ वर एनडीबीच्या, म्हणजे केवळ दिशा दाखविणाऱ्या दीपाच्या, आधारे उतरावयाचे होते. नियंत्रकाने २४०० फुटांवर येण्याची अनुज्ञा दिली. ती देताना इंग्रजीत ‘टू फोर झीरो झीरो’ असे चार अंक एकेक उच्चारले. इंग्रजीत दोन या अंकाचा उच्चार आणि ‘पर्यंत’ या अर्थाच्या शब्दयोगी अव्ययाचा उच्चार एकच. वैमानिकाने पहिला ‘टू’ अंक म्हणून न घेता अव्यय म्हणून घेतला, आणि ‘४०० पर्यंत उतरा’ असा अर्थ केला. उत्तरादाखल त्याने ‘फोर झीरो झीरो’ असे म्हटलेही; ते दुरुस्त केले गेले नाही. विमान समुद्रसपाटीपासून सुमारे ४३७ फूट उंचीवर एका टेकडीच्या अंगावर आदळले आणि चौघेही कर्मचारी ठार झाले.

हा प्रसंग भाषाशास्त्राच्या वर्गातही सांगण्यासारखा आहे, परंतु केवळ शब्दभ्रमावर त्याचे खापर फोडणे अपुरे होईल. नकाशावर त्या टप्प्यासाठी किमान उंची छापलेली होती. विमानतळाच्या इतक्या बाहेर ४०० फूट ही उंची कोणत्याही उतरण्याच्या पद्धतीत बसत नाही, हे अनुभवी वैमानिकास अंतर विचारात घेताच उमगावयास हवे. जुन्नरला स्थान चुकीचे धरले गेले आणि उंची त्या चुकीशी सुसंगत ठेवली गेली. सुबांगला स्थान ठाऊक होते आणि उंची चुकीची धरली गेली. दोन्हीकडे एकाच राशीवर विसंबून दुसरीची साक्ष काढली गेली नाही. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की जमीन जवळ येत असल्याचा इशारा देणारे यंत्र सुबांगच्या विमानात होते, ते अखेरच्या क्षणांत इशारा देतही होते, आणि त्याची दखल घेतली गेली नाही.

उंची व अंतर यांची सांगड घालून देणारी आयएलएस असली म्हणजे प्रश्न सुटतो काय? १६ जानेवारी २०१७ चा बिश्केक येथील अपघात याचे उत्तर देतो. हाँगकाँगहून इस्तंबूलला जाणारे बोइंग ७४७ मालवाहू विमान दाट धुक्यात किर्गिझस्तानातील मानस विमानतळावर आयएलएसच्या साह्याने उतरत होते. ते योग्य उतारापेक्षा बरेच वर राहिले. उताराच्या किरणाचे एक वैगुण्य असे की अँटेनांच्या रचनेमुळे खऱ्या तीन अंशांच्या किरणाखेरीज त्याच्या वर, नऊ अंशांच्या सुमारास, एक खोटा किरणही निर्माण होतो. म्हणूनच किरण नेहमी खालून गाठावा, वरून नव्हे, असा संकेत आहे. बिश्केकच्या विमानातील स्वयंचलित यंत्रणेने हा खोटा किरण धरला. तो लगेच सुटला, पण यंत्रणा ठराविक उतार धरून विमान खाली नेत राहिली. विमान धावपट्टीवरून पुढे निघून गेले आणि पलीकडील वस्तीत कोसळले. चार कर्मचारी आणि जमिनीवरील ३५ माणसे, अशा ३९ जणांचा बळी गेला. धावपट्टीच्या अलीकडे ठराविक अंतरावर विमान किती उंचीवर असावे हे नकाशावर दिलेले असते. तो आकडा काट्याशी ताडून पाहिला असता तर खोटा किरण तत्काळ उघडा पडला असता. यंत्राने सांगड घालून दिली म्हणून ती तपासण्याचे काम संपत नाही, एवढाच या प्रकरणाचा अर्थ; आणि जमिनीवरील त्या ३५ जणांचा तर या साऱ्या हिशेबाशी काडीचाही संबंध नव्हता.

इशारा देणाऱ्या यंत्राविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. कॅनडात जन्मलेले अभियंता डॉन बेटमन यांनी १९६० नंतरच्या दशकात ते विकसित केले. विमानाच्या पोटाखाली रेडिओ-लहरी सोडून जमिनीपासूनचे खरे अंतर मोजणारा निराळा उंचीमापक असतो. त्या अंतराच्या घटण्याचा वेग धोकादायक झाला की हे यंत्र कर्कश आवाजात वैमानिकास सावध करते. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे विमान वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाकडे उतरत असता व्हर्जिनियातील माउंट वेदर या डोंगरावर आदळले आणि ९२ जण दगावले. ‘उतरण्यास अनुज्ञा’ या शब्दांचा अर्थ १८०० फुटांपर्यंत लगेच खाली येण्याची मोकळीक असा वैमानिकांनी घेतला होता. त्यानंतर अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांवर हे यंत्र सक्तीचे झाले, आणि हळूहळू जगभर त्याचा प्रसार झाला.

पण त्या पहिल्या यंत्राची दृष्टी सरळ खाली होती, समोर नव्हती. जमीन हळूहळू चढत गेली तर त्यास वेळेवर कळे. ताशी कित्येकशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानासमोर सह्याद्रीतील एखादा ताशीव कडा अचानक उभा राहिला तर इशारा आणि आघात यांत काही सेकंदांचेच अंतर राही. ही उणीव १९९० नंतरच्या दशकात दूर झाली. नव्या यंत्रात जगाच्या भूपृष्ठाच्या उंचींचा कोश साठविलेला असतो. उपग्रहांच्या साह्याने विमानाचे स्थान कळत राहते, आणि पुढील वाटेवर जमीन किती उंच आहे हे यंत्र आधीच ताडून पाहते. १९६२ साली वैमानिकाने करावयाची राहून गेलेली गोष्ट, म्हणजे स्थान व उंची यांची परस्पर पडताळणी, आता यंत्र अखंडपणे करीत असते. असे यंत्र असलेल्या विमानांत या वर्गाचे अपघात फारच विरळ झाले आहेत.

ते समूळ नाहीसे मात्र झालेले नाहीत. उपग्रहाचे संदेश अडविले किंवा बनावट संदेश सोडले तर विमानाचे स्थान पुन्हा चुकू शकते, आणि युद्धग्रस्त प्रदेशांच्या आसपास असे घडू लागले आहे. वायुभारावर चालणाऱ्या उंचीमापकाचा दाब आजही नियंत्रकाने तोंडाने सांगावा आणि वैमानिकाने हाताने लावावा अशीच पद्धत बहुतेक ठिकाणी आहे. मुंबईच्या मुख्य धावपट्टीस आता दोन्ही बाजूंनी आयएलएस आहे. पूर्वेकडून २७ वर येणारे विमान रडारच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने नेमून दिलेल्या उंचींवरून, ठाण्याच्या बाजूने खाली येते. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २००० फूट आहे. मुंबईहून तेथे येणाऱ्या वैमानिकास निघताना शून्याच्या आसपास असलेला काटा उतरल्यावर २००० वर दिसतो, आणि धावपट्टीला चाके टेकलेली असतात.